कर, कुऱ्हाड आणि शिंदीचे झाड

दोन वर्षांपूर्वी पुण्यात पुतण्याने मला एका लहान ब्रुअरीत नेले. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, अलीकडे लाकडी बाके, आणि बहुतेक गिऱ्हाईक माझ्या निम्म्या वयाचे. ‘काका, एकदा चाखून तर बघा, ही बेल्जियन पद्धतीची आहे,’ असे म्हणून त्याने एक पेला पुढे सरकवला. आत ताकाच्या निवळीसारखे गढूळ, फिकट पिवळे पेय होते आणि वर पांढरा फेस. पहिल्या घोटाला धन्यांचा वास आला. मला वाटले, शेजारच्या टेबलावरच्या मसालेभाताचा असेल. दुसऱ्या घोटाला लवंग जाणवली आणि मागून हलका आंबटपणा. मी पेला खाली ठेवला. ही चव मला ओळखीची होती, पण पुण्यातली नव्हती.

पुतण्याने तिथल्या पोराला विचारून घेतले. या बिअरमध्ये धने खरोखरच असतात, आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल असते. जवाच्या जोडीला कच्चा गहू असतो, म्हणून ती गढूळ दिसते. लवंग मात्र कोणी घालत नाही. तो वास यीस्ट, म्हणजे किण्व, स्वतःच तयार करते. बेल्जियमच्या हूखार्डन गावात ही पांढरी बिअर पिढ्यानपिढ्या होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती बंद पडली. 1966 च्या सुमारास पियेर सेलिस नावाच्या त्याच गावच्या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली, आणि आज ती जगभर पोचली आहे.

घरी परतताना मला आठवले की हा आंबटपणा कुठला. तो येळवशीच्या आंबिलाचा होता.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे उदगीर, लातूर, धाराशिव या बाजूला आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गीकडे येळवस असते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी, उंडे, खीर आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ किंवा कण्या ताकात आंबवून केलेले पेय. त्याला लसूण, जिरे, कोथिंबिरीचा वास. मातीच्या बिंदग्यात ते भरून डोक्यावरून शेतात न्यायचे. त्यात नशा नसते, कारण तिथे काम करतात ते दह्यातले जिवाणू. पण धान्य, पाणी, वेळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव, हा हिशेब दोन्हीकडे एकच.

प्रश्न इथून सुरू झाला. आंबवण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. मग बेल्जियमसारख्या लहानशा देशात आंबवलेल्या पेयांच्या शेकडो चवी टिकल्या, 2016 मध्ये युनेस्कोने त्यांच्या बिअर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, आणि आमच्या ओढ्याकाठची शिंदी मात्र बदनाम होऊन संपली, असे का? उत्तर चवीत सापडेल असे मला वाटले होते. सापडले ते महसुलाच्या इतिहासात.

शिंदी हे खजुराच्या कुळातले झाड. ओढ्याच्या कडेला, पाणथळीत, बांधावर आपोआप येते. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. थंडीच्या दिवसांत शेंड्याजवळ खाच घेऊन संध्याकाळी मडके बांधायचे आणि उजाडण्याआधी उतरवायचे. पहाटेचा रस गोड असतो, तो नीरा. ऊन चढले की तो आंबतो, दुपारपर्यंत फेसाळतो, संध्याकाळपर्यंत तेज होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शिरका व्हायला लागतो. बाहेरून किण्व घालावे लागत नाही. ते हवेत, झाडावर आणि त्या मडक्याच्या जुन्या अंगात असते. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात ‘लाम्बिक’ नावाची बिअर अशीच होते. थंडीच्या महिन्यांत उकळलेले धान्याचे पाणी रात्रभर उघड्या पसरट हौदात ठेवतात, आणि हवेतले किण्व त्यात उतरते. तिकडे लोक हे पाहायला तिकीट काढून जातात.

शिंदीची खाच एका वर्षी एका बाजूला, तर पुढच्या वर्षी समोरच्या बाजूला घेतात. त्यामुळे छेदाच्या झाडाचे खोड सरळ वाढत नाही, नागमोडी पायऱ्यांसारखे होते. त्या पायऱ्या मोजल्या की झाड किती वर्षे छेदले ते कळते. इतका प्रामाणिक दप्तरखाना मी दुसरा पाहिलेला नाही.

आता कागदाच्या दप्तराकडे येऊ. उदगीर 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्यात होते. संस्थानाच्या उत्पन्नात जमीन महसुलाबरोबर अबकारीचा वाटा मोठा होता, आणि अबकारी म्हणजे मुख्यतः शिंदी, ताडी आणि मोहाची दारू. ‘आबकारी’ हा शब्द फार्सी आहे. आब म्हणजे पाणी, कार म्हणजे काम. झाडावर कर असे आणि विक्रीचा हक्क लिलावाने गुत्त्यावर दिला जाई. आज आमच्याकडे रस्ता बांधणाऱ्यालाही ‘गुत्तेदार’ म्हणतात. शेजारच्या तेलुगू मुलखातून आलेला हा शब्द सरकारी लिलावांनी घरोघर रुजवला. झाड छेदणारा कलाल, वर गुत्तेदार आणि त्याच्यावर सरकार, अशी ती उतरंड होती. रस काढणाऱ्याच्या हाती सगळ्यांत कमी पडत असे.

मुंबई इलाख्यात इंग्रजांनी याच्या पुढची पायरी गाठली. 1878 च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवरचा कर कडक झाला. कोकणातल्या आणि मुंबईच्या भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोठ्या केंद्रीय भट्ट्यांत गाळायची, हे धोरण आले. 1892 मध्ये तर मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने घालणारा कायदा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी झाला. आदिवासींच्या घरात जे फूल पोटाला होते, ते गुन्ह्याचा मुद्देमाल झाले.

सरकारला आंबवलेल्यापेक्षा गाळलेले जवळचे का वाटले, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. शिंदी टिकत नाही. ती बाटलीत भरून दूर पाठवता येत नाही. शंभर गावांत हजारो झाडांवर मडकी टांगलेली असतात, तिथे किती शिपाई नेमणार? गाळलेली दारू मात्र वर्षानुवर्षे टिकते, मोजता येते, कोठारात ठेवता येते, आणि एका फाटकावर एक कारकून बसवला की तिचा सगळा कर जमा होतो. कराच्या सोयीने पेय निवडले गेले. पिणाऱ्याच्या आतड्याचा विचार त्यात नव्हता.

इथे कोणी म्हणेल, बेल्जियममध्ये कर नव्हता काय? होता, आणि त्यानेही चव बदलली. 1822 मध्ये तो मुलूख नेदरलँड्सच्या राजाच्या ताब्यात असताना धान्य भिजवण्याच्या पिंपाच्या आकारमानावर कर बसला. मग बिअरवाले लहान पिंपात धान्य खच्चून भरू लागले. लाम्बिक करण्याची जी खटपटीची, कच्च्या गव्हाची आणि गढूळ पाण्याची रीत आज परंपरा म्हणून मिरवते, तिच्या मुळाशी या कराचा मोठा हात आहे. पण तो कर आंबवण्यावर होता. त्याने आंबवणाऱ्याला युक्त्या शिकवल्या, धंद्यातून उठवले नाही.

दुसरा कायदा अधिक महत्त्वाचा. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, समाजवादी नेते आणि न्यायमंत्री एमिल वांडरवेल्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा बेल्जियमने केला. कामगारांची घरे जिनसारख्या गाळीव दारूने उद्ध्वस्त होत होती. कायद्याने कॅफेत आणि गुत्त्यात गाळीव दारूचा पेला विकायला बंदी घातली. दुकानातून घ्यायची तर एकदम निदान दोन लिटर घ्यावी लागे, आणि तेवढे पैसे मजुराच्या खिशात नसत. बिअरला हात लावला नाही. हा कायदा 1980 च्या दशकापर्यंत टिकला. कॅफेतल्या गिऱ्हाइकाला जरा तेज काही हवे होते, म्हणून बिअरवाल्यांनी आठ-नऊ टक्क्यांच्या, सावकाश प्यायच्या बिअर वाढवल्या. आज ज्या बेल्जियन एलचे जगभर कौतुक होते, तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांना या कायद्याने वाव दिला, असे बिअरचे अभ्यासक सांगतात.

म्हणजे तिकडे दारूबंदीचा विचार करणाऱ्यांनी गाळलेले आणि आंबवलेले यांत फरक केला. आपल्याकडे तो झाला नाही, आणि त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण आपल्याकडचे विरोधक काही लहान माणसे नव्हती. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, 1880 मध्ये, शहरातली दारूची दुकाने वाढवण्याला त्यांनी लेखी विरोध केला होता. 1908 मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर निरोधने झाली. दारूचा पैसा सरकारच्या तिजोरीत जातो, हे दोघांनाही स्वच्छ दिसत होते. 1930 मध्ये दांडीनंतर गांधीजींनी गुजरातेत ताडीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला. झाड हे आता झाड राहिले नव्हते, ते सरकारी उत्पन्नाचे कलम झाले होते.

तीच कुऱ्हाड 1947 मध्ये आमच्याकडे आली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्ट 1947 रोजी भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी लढा सुरू केला. निझामाचे उत्पन्न बुडवणे हा त्याचा एक भाग होता. करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करायचे, लेव्हीचे धान्य द्यायचे नाही, जंगल सत्याग्रह करायचा आणि शिंदीची झाडे तोडायची. मराठवाड्यातल्या गावागावांत रात्री शिंदीची बने आडवी झाली.

त्या तोडणाऱ्यांत माझे आजोबा होते. ती कुऱ्हाड अजून आमच्या माळवदावर आहे. लहानपणी आम्हा पोरांना ती गोष्ट तोंडपाठ होती. अमावास्येची रात्र, सहा जण, एकाच्या हातात झाकलेला कंदील, आणि पहाटेपर्यंत पडलेली झाडे. आजोबा आकडा दर वेळी वाढवून सांगत आणि आम्ही तो दर वेळी मान्य करत असू. पुढे त्यांना स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन मिळाले. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो हा लेख लिहिल्यावरही उणावणार नाही.

पण पुण्याहून आल्यावर मी त्या ओढ्याकडचे, आता पंच्याऐंशीच्या घरात असलेले एक वृद्ध गृहस्थ शोधून काढले. त्यांचे वडील ती झाडे छेदत. 1947 मध्ये ते स्वतः सात-आठ वर्षांचे होते. मी कोणाचा नातू, हे मी आधीच सांगून टाकले. ते हसले. म्हणाले, ‘म्हाईत हाय की. तुमचे आजोबा चांगला मानूस. नंतर आमच्या बापाला सालगडी म्हणून त्यांनीच ठिवून घेतलं.’

हे मला कोणी सांगितले नव्हते. झाडे पडल्यावर त्या घराचे काय झाले, हा भाग आमच्या गोष्टीत नव्हताच. वडिलांची आकडी, दोर आणि मडकी बरीच वर्षे आढ्याला होती, मग तीही गेली. राग आला नाही का, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘राग कुनावर धरायचा? झाड आमचं कवा होतं? गुत्तेदाराचं होतं. गुत्तेदार म्हने सरकारचं. पडल्यावर तेवढं आमचं झालं, जाळाया.’

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाईने निझामाची राजवट संपली. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा होता, तो पुढे आमच्यापर्यंत पोचला. उरलेली शिंदीही आता बेकायदा झाली. झाडावरचे मडके लांबून दिसते, त्याची कोणीही वर्दी देऊ शकतो. ओढ्याच्या कपारीत गूळ आणि नवसागर टाकून लावलेली हातभट्टी मात्र दिसत नाही. कायद्याने दिसणारे पेय मारले आणि न दिसणारे वाढवले. पुढे बंदी सैल झाली, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले, आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून गाळलेल्या मद्यार्काची दारू बाटलीबंद होऊन ‘सरकारमान्य’ पाटीखाली विकली जाऊ लागली. शिंदीत मद्यार्क चार-सहा टक्के असतो. या बाटलीत तो चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. तहान, थकवा आणि गरिबी होती तेवढीच होती. पेला बदलला.

इथे एक पाण्याचा हिशेबही मांडायला हवा, कारण आम्ही लातूर जिल्ह्यातले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या दारू आणि बिअरच्या कारखान्यांचे पाणी आधी निम्म्यावर आणि मग आणखी खाली आणण्याचा आदेश दिला. बिअरला पाणी लागते, मळी देणाऱ्या उसाला तर त्याहून किती तरी जास्त. शिंदीला कोणी कधी मोटेने पाणी पाजले नाही. दुष्काळी मुलखाने आपल्या हवामानाला साजणारे पेय गमावले आणि उसावर पोसलेले पेय घेतले.

मी शिंदीचा वकील म्हणून उभा नाही. शिंदी पिऊनही बायकांना मारहाण होत होती, घरे बुडत होती. शेजारच्या तेलंगणात शिंदी-ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळलेले पाणी विकल्याची प्रकरणे वारंवार उघड झाली आहेत. गावागावांत ज्या बायकांनी मतदानाने ‘बाटली आडवी’ केली, त्यांना चवीचा इतिहास सांगायला जाण्याची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. त्यांची लढाई खरी आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्या बाटलीशी त्या लढत आहेत, ती लोकांच्या आवडीतून आपोआप आलेली नाही. कराची सोय, परक्या सत्तेविरुद्धची कुऱ्हाड आणि फरक न करणारा कायदा, या तिघांनी मिळून ती इथे आणली. त्यांतली कुऱ्हाड तर माझ्याच घरातली आहे.

पुण्यात आता अशा लहान ब्रुअऱ्या बऱ्याच आहेत. 2009 मध्ये तिथे ‘डूलाली’ सुरू झाली, ती देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. गोरे सोल्जर तिथल्या छावणीत विलायतेच्या बोटीची वाट पाहत महिनोन्महिने बसत आणि कंटाळ्याने भ्रमिष्टासारखे वागत, त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला. मराठी गाव इंग्रजीत जाऊन बिअरचे नाव होऊन परत आले. तिथे आज मिळणाऱ्या बेल्जियन बिअरमध्ये धने आहेत, हेही तसेच. मात्र अशा एका पेल्याच्या पैशात आमच्याकडे शेतमजुराचा जवळजवळ एक दिवसाचा रोज निघतो. आंबवलेले पेय आपल्याकडे परत आले, पण ज्यांच्या हातून गेले होते त्यांच्याकडे आले नाही.

मागच्या येळवशीला मी त्या वृद्ध गृहस्थांना आमच्या शेतात बोलावले. पुतण्याही पुण्याहून आला होता. जेवणे झाल्यावर ते आम्हाला ओढ्यापर्यंत घेऊन गेले. मरीआईच्या ठाण्याला लागून एक शिंदीचे झाड उभे आहे. देवीचे म्हणून त्या रात्री सोडलेले. खालच्या खाचा झिजल्या आहेत, वरच्या स्पष्ट दिसतात. पुतण्याने खालून वर बोट फिरवत मोजल्या, एकोणीस भरल्या. त्याच्या वर खोड सरळ गेले आहे.

‘वरच्या चार-पाच बापानं नंतर चोरून घेतल्या,’ ते म्हणाले. ‘पोलीस आले, मग सोडलं.’

पुतण्याच्या हातात आंबिलाचा पेला होता. तो त्याने त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाले, ‘अजून एक रात पायजे हुती ह्याला.’